दस्तुरखुद्द

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींत गृहस्थांचा एक असा वर्ग आढळतो की, पुण्यास असताना भिंतीत साधा खिळा ठोकावयाचा झाला तरी जे सुताराची चार-चार दिवस वाट पाहत बसत, तेच अटलांटिक महासागर ओलांडताच नळाच्या गळतीपासून छपराच्या डागडुजीपर्यंत यच्चयावत कामे तिऱ्हाइताचा हात लागू न देता दस्तुरखुद्द करू लागतात, आणि त्या पराक्रमाची साद्यंत हकीकत शनिवारच्या पंगतीत, ऐकणाऱ्याच्या पानातील पुरी पार निवेपर्यंत, सांगत राहतात. या वर्गाचा एक अस्सल नमुना आमच्या घराण्यात जावई म्हणून दाखल झालेला असल्यामुळे, आणि गेल्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील एडिसन येथे त्यांच्या घरी मुक्कामास असताना शिडी धरण्याची कामगिरी माझ्याकडे आल्यामुळे, या वर्गाची लक्षणे मला समक्ष पाहता आली.

आपल्या उद्योगाचे कारण हे गृहस्थ काटकसर असे सांगतात. मामलेदार कचेरीत चौतीस वर्षे काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला ते पटणे कठीण. कारण कारागिराची मजुरी वाचवण्यासाठी जावईबापूंनी एक ड्रिल, पान्यांचे दोन संच, एक घडीची शिडी आणि कपाळावर बांधावयाचा दिवा एवढा सरंजाम नव्याने खरेदी केला होता, आणि त्याच्या पावत्या मुलीच्या नजरेस पडू नयेत म्हणून गाडीच्या खणात दडवल्या होत्या. खरी गोष्ट अशी की, संगणकाच्या पडद्यावर, हाताला कधीच न लागणाऱ्या वस्तू घडवण्यात ज्याचा सारा आठवडा जातो, त्याला रविवारी नखांत वंगण गेलेले पाहून जे समाधान वाटते, ते मजुरी देऊन विकत मिळत नाही.

गॅरेजचे दार उघडणारे त्यांचे जुने यंत्र एके दिवशी गुरगुरून कायमचे गप्प झाले, आणि दुसऱ्याच दिवशी नव्या यंत्राचा खोका घरात आला. तिकडचे हे दार आपल्या दारासारखे बिजागरीवर फिरत नाही. सोळा फूट रुंद आणि सात फूट उंच असे ते आडव्या पट्ट्यांचे प्रकरण दोन्ही बाजूंच्या रुळांतून वर सरकते आणि छताखाली आडवे निजते. अशी वर सरकणारी दारे सी. जी. जॉन्सन नावाच्या अमेरिकनाने १९२१ साली काढली आणि १९२६ साली त्यांना विजेचे यंत्र जोडले, ही माहिती जावईबापूंनी मला शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून दिली. खोक्यातील पुस्तिका मात्र त्यांनी उघडली नाही. या वर्गातील पुरुष पुस्तिका वाचणे कमीपणाचे मानतात. ते मोबाइलवर एक चित्रफीत, तीही निम्मी, पाहतात. सातबाराच्या उताऱ्यातील इतर हक्कांचा रकानाही बारकाईने वाचण्याची ज्याची सवय, त्या मी ती पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचली, आणि तीत मला एक गोष्ट अशी सापडली की जिने माझे मन हेलावून टाकले.

सत्तर-ऐंशी किलो वजनाचे ते दार अर्ध्या अश्वशक्तीचे यंत्र उचलते असा जो सार्वत्रिक समज आहे, तो निखालस खोटा आहे. दाराचा भार तोलते ती दारावरच्या दांड्यावर पीळ देऊन बसवलेली स्प्रिंग. ती नीट ताणलेली असेल तर यंत्र सोडवून दार एका हाताने उचलता येते, आणि मध्यावर सोडले तर ते त्रिशंकूसारखे अधांतरी राहते. यंत्राने फक्त मार्ग दाखवायचा, दिवा लावायचा आणि आवाज करायचा. मामलेदारसाहेब सही करतात आणि तालुक्याचा भार कोण वाहतो, हे ज्याने आयुष्यभर जवळून पाहिले, त्याला त्या स्प्रिंगविषयी आपलेपणा वाटला तर नवल नाही. स्प्रिंगमधील पीळ सुटला तर माणूस जायबंदी होतो, ती कसलेल्या कारागिरानेच हाताळावी, असे पुस्तिकेत ठळक अक्षरांत होते. जावईबापूंची नजर तिकडे वळलेली पाहून मुलीने स्वयंपाकघराच्या दारातूनच मनाई हुकूम बजावला, “तिला हात लावलास तर मी आई-बाबांना घेऊन परत जाईन.” हुकमाची तामिली झाली.

यंत्र छताला टांगणे, रूळ जोडणे, साखळी ताणणे यांत एक दिवस गेला आणि “बाबा, घट्ट धरा हं,” हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची मोजदाद ठेवली नाही. खरा इतिहास घडला तो समायोजनात. दार किती वर जावे, किती खाली यावे आणि वाटेत अडथळा आल्यास किती जोर करावा, हे ठरवण्याची मुखत्यारी यंत्रावरच्या चिमुकल्या स्क्रूंकडे असते. पुस्तिकेचा दंडक असा की, दाराखाली दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवावी आणि दार तिला टेकताच दोन सेकंदांत परत फिरावे. ज्या गॅरेजमध्ये जगातील झाडून सारी हत्यारे होती, तेथे फळीचा तुकडा मात्र नव्हता. जावईबापू आत गेले आणि पोळपाट घेऊन आले. तो मुलीच्या रुखवतातला, शिसवी, आणि विमानाने आलेला होता. दार खाली आले, पोळपाटाला टेकले आणि परत फिरण्याऐवजी आणखी चेपू लागले. तीन पायांपैकी एक जाग्यावर निखळला. “जोर जरा जास्त झाला,” जावईबापू म्हणाले, आणि पोळपाट कपाटामागे गेला.

मग त्यांनी जोर इतका कमी केला की दार अर्ध्यावर यावे, वाऱ्याची झुळूक लागताच थबकावे आणि, त्रुटीची पूर्तता करून पुन्हा सादर व्हावे असा शेरा मारलेला अर्ज परतावा तसे, वर निघून जावे. अखेर त्रुटींची पूर्तता झाली आणि त्या रात्री दार सोळा वेळा उघडमीट करून दाखवण्यात आले. यांतील पाच वेळा शेजारच्या गुजराती कुटुंबासाठी होत्या.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजता दार बंद होईना. १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या यंत्रांना तिकडच्या कायद्याने मूल वा मांजर सापडू नये म्हणून राखण दिलेली असते. त्यासाठी दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, दोन डोळे बसवतात, एक किरण सोडतो, दुसरा तो झेलतो, आणि मध्ये काही आले की दार खाली येण्यास नकार देते. मध्ये तर काहीच नव्हते. रात्री दार बिनतक्रार मिटले. पुढच्या सायंकाळी पुन्हा अडले. जावईबापूंनी तारा तपासल्या, डोळे पुसले, यंत्राची पुनर्स्थापना केली. गॅरेजचे तोंड दक्षिणेस, म्हणजे यमाच्या दिशेस, असल्याने असे होते, हे आमच्या कुटुंबाने ठामपणे सांगितले, आणि ते ऐकून जावईबापू ज्या सौजन्याने हसले, ते मला विसरता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी कुटुंब झेलणाऱ्या डोळ्यापाशी ओणवे होऊन, कपाळावर हात आडवा धरून म्हणाले, “अहो, मावळतीचं ऊन त्याच्या डोळ्यांत जातंय. त्याला दिसणार कसं?” दक्षिणेचा दोष अगदीच खोटा नव्हता, असे मी तेव्हा मनात नोंदवले. जावईबापूंनी झेलणारा डोळा पूर्वेकडून काढून पश्चिमेच्या बाजूस लावला. सायंकाळचा तंटा मिटला आणि दार सकाळी, कचेरीच्या वेळी, उगवतीच्या उन्हाने अडू लागले. शेवटी स्वयंपाकघरातील कागदाच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी कापून कुटुंबाने त्या डोळ्याला टोपी घातली. तेव्हापासून दार हूं की चूं करीत नाही.

शनिवारच्या पंगतीत या प्रकरणाची हकीकत दोन तास चालली. तीत नळीचा उल्लेख ‘एक छोटासा बदल’ असा झाला आणि पोळपाटाचा झालाच नाही. तो कपाटामागे सापडल्यावर घरात काय घडले ते मी येथे लिहीत नाही. नवा पोळपाट मी येथे घेऊन ठेवला आहे. शिसवी आहे, वजन दीड किलो भरते. वाचकांपैकी कोणी एडिसनकडे जाणारे असतील आणि सामानात जागा असेल, तर कृपया कळवावे.