कॉलरमागचं लेबल आधी कापा

नववीतलं पोरगं शाळेत निघताना म्हणतं, कॉलरमागचं लेबल टोचतंय. घरातून उत्तर तयार असतं, ‘काही नाही होत, चल.’

होतं. आपल्याला होत नसेल, त्याला होतं, आणि शाळा सुटेपर्यंत होत राहतं. पहिल्या तासाला सरांनी काय शिकवलं ते त्याला सांगता येणार नाही, पण मानेवर नेमकं कुठं टोचत होतं ते बोट ठेवून दाखवेल. मग वहीवर शेरा येतो, ‘वर्गात लक्ष नसते.’ त्या शेऱ्यावरून रात्री जेवताना बोलणी बसतात. घरातली कात्री सकाळी एकदा चालवली असती तर यातलं अर्धं टळलं असतं.

एडीएचडी हे नाव आता बुलढाणा जिल्ह्यातही घराघरांत ऐकू येऊ लागलंय. लक्ष ठरत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत, मनात आलं की करून मोकळं, एवढं लोकांना ठाऊक झालंय. पण यातल्या बऱ्याच पोरांचे कान, कातडी, नाक, डोळे इतरांपेक्षा फार तिखट असतात, हे कुणी बोलत नाही. डॉक्टरांच्या पुस्तकानंही इथं थोडा घात केला. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ साली निदानाच्या निकषांची पाचवी आवृत्ती काढली. आवाज-स्पर्श सहन न होणं हे तिनं स्वमग्नतेच्या निकषांत घेतलं, एडीएचडीच्या निकषांत घेतलं नाही. त्यामुळं तपासताना तो प्रश्न विचारायचाच राहून जातो. संशोधन मात्र सांगतं की एडीएचडी असलेल्या मुलांत हा त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो. सगळ्यांत नाही, पण पुष्कळांत.

यात होतं काय? वर्गातला पंखा खडखडत असतो, दोन मिनिटांनी आपल्याला तो ऐकूच येत नाही. आवाज चालूच असतो, आपल्या मेंदूनं तो बाजूला सारलेला असतो. या पोरांच्या मेंदूला ते इतक्या सहज जमत नाही. पंखा, मागच्या बाकावर पेनाची टकटक, खिडकीबाहेर फटफटीचा हॉर्न, शेजारच्याच्या डब्यातल्या लसणाचा वास आणि फळ्यावरचं प्रमेय, सगळं एकाच जोरानं आत शिरतं. त्यातून प्रमेय वेगळं काढायला पोराला दर मिनिटाला ताकद लावावी लागते. दुपारपर्यंत ते दमतं, आणि दमलं की चिडतं. ते चिडलं की घाटावर असो नाहीतर घाटाखाली, शब्द ठरलेले: वांड, नखरेल, आईनं लाडावलेलं.

‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही, हे मोबाइलचं खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी दोन सालं. लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं १९०२ साली अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. त्यानं दोष काढला तो नैतिक संयमाच्या उणिवेचा. जग त्याच्या पुष्कळ पुढं गेलं, आपली घरं अजून तिथंच आहेत. आणि १९७२ साली जीन एअर्स या अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्टनं स्पर्श, आवाज, तोल यांची मेंदूतली जुळणी आणि मुलांचं शिकणं यांच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हा मोबाइल कुणाच्या खिशात होता?

‘मग हेडफोन लावून तासन्‌तास गाणी कशी ऐकतो? तेव्हा कान दुखत नाहीत?’ हा बापाचा हुकमी प्रश्न. त्याचं उत्तर नीट ऐका, कारण सगळी गोम तिथंच आहे. ती गाणी त्यानं निवडलेली असतात. कधी सुरू होणार, कधी थांबणार, आवाज किती, हे त्याच्या अंगठ्याखाली असतं. शिवाय ती गाणी बाकीचे दहा आवाज झाकून टाकतात. कुकरची शिट्टी अचानक येते, मिक्सर न सांगता सुरू होतो, काका मागून येऊन पाठीवर थाप मारतात. अंगावर न विचारता येणारी गोष्ट आणि आपण होऊन घेतलेली गोष्ट यांत त्या पोराला जमीन-अस्मानाचं अंतर लागतं. म्हणून तेच पोर ठेच्याला हात लावत नाही आणि कच्ची कैरी तिखटमीठ लावून खातं. ढोंग असतं तर त्यानं इतकं विसंगत वागून स्वतःलाच अडचणीत आणलं असतं का?

कूलरचं उदाहरण घ्या. मलकापूर-खामगावकडं उन्हाळ्यात कूलरशिवाय रात्र निघत नाही. त्याची एकसुरी घरघर काही पोरांना डोक्यात हातोडे मारल्यासारखी लागते, तर काहींचा अभ्यास त्या घरघरीतच होतो. स्वीडनमध्ये गोरान सॉडरलंड आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की एकसुरी आवाजात एडीएचडी असलेल्या मुलांची कामगिरी सुधारते, इतर मुलांची मात्र बिघडते. २०२४ साली अमेरिकेत जोएल निग यांच्या चमूनं यावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही हेच निघालं, फायदा लहान पण खरा. म्हणून ‘शांततेत बस’ हे सगळ्यांना लागू पडणारं औषध नाही. आपल्या पोराला कुठला आवाज मारतो आणि कुठला तारतो, हे त्यालाच विचारावं लागतं. नववी-दहावीतलं पोर ते सांगू शकतं. आपण विचारत नाही.

मुलींकडं तर आपलं आणखी दुर्लक्ष. पोरगी वर्गात उड्या मारत नाही, खिडकीबाहेर बघत बसते, म्हणून तिला एडीएचडी असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. तिच्या दोन घट्ट वेण्या टाळूला ओढ देत असतात. ओढणीची पिन खांद्याला लागत असते, नायलॉनची लेस काखेत घासत असते. पाळीच्या दिवसांत पॅडचं प्लॅस्टिक मांडीला चिकटतं आणि घामानं चरचरतं. त्या चार दिवसांत तिचं गणितात काय होत असेल? हे ती शाळेत कुणाला सांगणार? आईलाच सांगू शकते, आणि आईनं ‘सगळ्यांनाच होतं’ म्हटलं की विषय संपला. आईनं एवढंच करावं: सुती कापडाचं पॅड घेऊन बघावं, वेणी एकच आणि सैल घालावी, आतले कपडे धुऊन मऊ झालेले द्यावेत. नवा कोरा कपडा दोन पाण्यांतून काढल्याशिवाय अंगावर चढवू नये. आठवीपर्यंतच्या सरकारी गणवेशाचा कारभार राज्य सरकारनं डिसेंबर २०२४ च्या निर्णयानं पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं दिला. त्या समितीत पालक बहुसंख्य असतात. कापड निवडताना हात लावून बघायला त्यांना कुणी अडवलेलं नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. रोडग्याच्या पंगतीत वांग्याची भाजी पानात पडते आणि पोर ती बाजूला सारतं. ‘अन्नाचा अपमान’ म्हणून चार पाहुण्यांदेखत त्याला ती गिळायला लावू नका. त्याला चव नकोशी नसते, तो गिळगिळीतपणा घशाखाली उतरत नाही. वरण आणि रोडगा खाऊन ते उठलं तर कुणाचं काय बिघडतं?

आता डीजे. इथं मी या पोरांच्या बाजूनं उभा आहेच, पण कायदाही त्यांच्याच बाजूनं उभा आहे, हे मंडळांनी समजून घ्यावं. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्या सभोवती किमान शंभर मीटरांचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथं दिवसा ५० आणि रात्री ४०. वरातीतला डीजे यांच्या कितीतरी वर असतो, ते कळायला यंत्र लागत नाही, खिडकीची काच पुरते. त्या वेळी कान दाबून न्हाणीघरात जाऊन बसलेल्या पोराला आपण विचारतो, ‘काय झालं तुले?’ अरे, त्याला जे होतंय ते नियमांत आकड्यानिशी लिहिलेलं आहे! आपल्या कानांना सवय लागली म्हणून आवाज कमी होत नाही. आपलेही कान जातायत, फक्त ते पोर आधी ओरडतं.

ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर या प्रश्नावर न्यायालयात गेले. त्यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ साली हे नियम काटेकोर पाळण्याचे सविस्तर आदेश दिले. २३ जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयानं पुन्हा सांगितलं की लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि तक्रार करणाऱ्याची ओळख पोलिसांनी मागत बसू नये. गल्लीत वैर नको म्हणून गप्प बसणाऱ्या आईबापांनी हे दुसरं वाक्य लक्षात ठेवावं. ११२ फिरवा, नाव सांगायची गरज नाही.

आवाज केल्याशिवाय आपल्याकडं माणसं जमत नाहीत, असंही कुणी सांगू नये. शेगाव याच जिल्ह्यात आहे. गजानन महाराजांच्या मंदिरात उत्सवाला लाखो माणसं येतात. रांग शिस्तीत सरकते, सेवेकरी ‘माउली’ म्हणून हळू आवाजात पुढं चला सांगतात. कुणी खेकसत नाही, कुणी ढकलत नाही. गर्दीनं बावरणारं पोर तिथं बरंच तग धरतं, कारण पुढं काय होणार ते त्याला दिसत असतं. जिल्ह्याला हे जमतं. मग गावच्या वरातीला का जमू नये?

याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथं मोठी यात्रा भरते आणि मनाच्या दुखण्यानं गांजलेल्यांना घेऊन लांबलांबून माणसं येतात. त्यांच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण एकच विनवतो. ज्या पोराला गर्दी, धूर, आरडाओरड सोसत नाही, त्याला ‘बाहेरचं’ आहे म्हणून नेमकं गर्दीत, धुरात, आरडाओरडीत उभं करू नका. ते तिथं किंचाळलं तर त्याच्या अंगात काही आलेलं नसतं, त्याला ते सगळं सोसवत नसतं, म्हणून ते किंचाळतं.

जायचं कुठं, हे मात्र सरकारी कागदावर लिहिलेलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जे तीस विकार त्यात तपासायचे ठरले, त्यांत एडीएचडीचं नाव आहे. आरोग्य पथकानं सरकारी आणि अनुदानित शाळेत वर्षातून एकदा यायचं, संशय आला तर पोराला पुढं जिल्हा पातळीवर पाठवायचं, उपचार मोफत. पण पथकासमोर शेकडो पोरं असतात. दात बघा, डोळे बघा, वजन करा, पुढचा. दोन मिनिटं गप्प उभं राहिलेलं पोर सुटून जातं. म्हणून वर्गशिक्षकांनी पथक यायच्या आधी नावं काढून ठेवावीत, आणि काय दिसलं ते लिहून द्यावं: घंटा झाली की दचकतो, पेनाची टोपणं चावून फोडतो, शर्टाची बाही सतत ओढतो. पथकाच्या डॉक्टरला अशा चार ओळींचा जितका उपयोग होईल, तितका ‘खोडकर’ या शेऱ्याचा होणार नाही. बुलढाण्यात २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आलं. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. आणि आधी कान-डोळे एकदा तपासून घ्या, ते सर्वांत सोपं.

कायद्यात मात्र एक भगदाड आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी वेगळं नोंदलेलं नाही. ज्या पोराला फक्त एडीएचडी आहे ते सवलतींच्या दारात ताटकळतं. ते नाव कायद्यात यायलाच हवं. पण तोवर शाळांना हात बांधून बसायचं कारण नाही. पोराला दारा-खिडकीपासून लांब, पुढच्या बाकावर बसवायला कुठलं प्रमाणपत्र लागतं? खडखडणाऱ्या पंख्याखालून उठवायला? मध्येच दोन मिनिटं पाणी प्यायला सोडायला? डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठोकला की बाक सरकताना किंचाळत नाही, आणि त्याचा फायदा वर्गातल्या सगळ्यांना होतो. पत्र्याच्या शेडमध्ये क्लास चालवणाऱ्यांनी वरून गवताची नाहीतर तट्ट्यांची छावणी घालावी. ऊनही कमी होईल, पावसाचा धडधडाटही. कानात बोळे घालायला द्या, पण गरजेपुरते. दिवसभर कान झाकून ठेवले तर कान आणखी हळवे होतात.

गणपतीआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मंडळांचे अध्यक्ष येतात, पुढारी येतात. या वर्षी गावातल्या मुख्याध्यापकांनी तिथं जावं, सोबत दहावीतलं एखादं पोर आणि त्याची आई न्यावी, आणि शाळेपासूनचे शंभर मीटर रस्त्यावर चुन्यानं आखून मागावेत.