उस्तादांचा डावा पाय

बुलडाणा जिल्ह्यात तालुके १३ आणि माणसं दोन प्रकारची: घाटावरची आणि घाटाखालची. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि खुद्द बुलडाणा वर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर खाली. वरच्यांना खालचं ऊन सोसत नाही, खालच्यांना वरची ऐट सोसत नाही. या दोघांच्या मधे एक तिसरा प्रकार आहे. तो ना वरचा ना खालचा. त्याची हयात राजूर घाटात दुसऱ्या गिअरवर गेलेली असते. त्याला उस्ताद म्हणतात.

काळी-पिवळीच्या प्रत्येक स्टँडवर एक तरी उस्ताद असतोच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पाकिटातलं लायसन, त्याच पाकिटात गजानन महाराजांचा फोटो, आणि त्या दोघांना चिकटून चुन्याची डबी. उस्ताद आता गाडी फारशी चालवत नाही, चालवणाऱ्यांना चालवतो. चहाच्या टपरीवर बसला तरी डावा हात बाकावर असा ठेवतो, की तिथून गिअरचा दांडा उगवायचाच बाकी. गोष्ट सांगताना चढ आला की मनगट मागं ओढलं जातं, उतार आला की पुढं सरकतं. घरची मंडळी तर सांगतात, जेवताना पाटावरून ताटाकडे वाकायचं म्हटलं तरी त्यांचा डावा पाय आधी किंचित दाबला जातो. क्लच दाबल्याशिवाय हा माणूस भाकरीसुद्धा मोडत नाही.

आमचे उस्ताद मोताळ्याचे. मेटाडोरवर किन्नर म्हणून लागले, म्हणजे फडकं मारायचं, पाणी भरायचं, चढावर गाडी थांबली की चाकामागे दगड लावायचा आणि तेव्हाच्या उस्तादांच्या शिव्या खायच्या. अशी काही वर्षं गेल्यावर एके दिवशी मलकापूर रोडला, रिकाम्या गाडीत, स्टेअरिंग हातात आलं. मेटाडोर गेली, ट्रॅक्स आली, ट्रॅक्सची क्रूझर झाली. २००५ साली बजाज टेम्पोची फोर्स मोटर्स झाली, पण उस्तादांच्या तोंडी नाव अजून टेम्पोच. जुन्या ट्रॅक्सला मर्सिडीजच्या बनावटीचं इंजिन होतं, ही गोष्ट खरी आहे आणि उस्तादांनी ती कोणाला विसरू दिलेली नाही. ‘‘मुंबईचा शेठ मर्सिडीजमधे मागं बसते. मी पुढं बसलो, पंधरा वर्ष,’’ असं ते सांगतात. पाठीमागे पंधरा सवाऱ्या, दोन शेळ्या आणि टपावर कापसाचं गाठोडं असायचं, हा तपशील गाळतात.

बँक कर्ज देते, आरटीओ एमएच २८ चा नंबर देते, पण उस्तादांनी मान हलवल्याशिवाय आमच्या भागात गाडी घेतली असं कोणी म्हणत नाही. म्हणून माझ्या मावसभावानं सवारी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा पहिला चहा उस्तादांना पाजला. बेत मोठा होता. शेगावला उतरलेले भाविक लोणारला न्यायचे, होळीला सैलानीची यात्रा करायची, हिवाळ्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे अंबाबरवाच्या जंगलात सोडायचे, आणि मधल्या काळात घरच्या वावरातली तूर घरी आणायची. एकच गाडी देवाला, वाघाला आणि तुरीला चालली पाहिजे.

घोळ केला तो जावयानं. मावसभावाचा जावई हिंजवडीत इंजिनिअर. त्यानं सहज सांगितलं, ‘‘मामंजी, घेताय तर ऑटोमॅटिकच घ्या. ऑफ-रोडला आता तीच चांगली.’’

उस्तादांनी कपातला चहा बशीत ओतला. ‘‘ऑफ-रोड म्हंजे काय, जवाईबुवा?’’

‘‘म्हणजे रस्ता नसलेल्या ठिकाणी गाडी चालवणं.’’

‘‘मंग आमी आजलोक काय चालोत होतो?’’

टपरी हसली. जावई मात्र बरोबर बोलत होता, आणि उस्तादही. ज्यासाठी शहरातले लोक पैसे भरून क्लबात जातात, तो प्रकार आमच्याकडे पांदण रस्ता या नावानं प्रत्येक गावाला फुकट मिळतो. या पांदण्यांसाठी सरकारनं २०२१ मध्ये ‘मातोश्री’ नावाची योजनाही काढली. काही पांदण्यांवर खडी पडली. उरलेल्यांवर पहिल्या पावसात काळी माती फुगते, टायरच्या नक्षीत भरते आणि चार चाकांचे चार गुळगुळीत लाडू होतात. अशा जागी उस्तादांचा मंत्र ठरलेला: दुसरा गिअर, पाय एकसारखा, आणि काही झालं तरी क्लचला हात लावायचा नाही. (पाय म्हणायचं असतं, पण उस्ताद हातच म्हणतात.) क्लच दाबला की ओढ तुटते, ओढ तुटली की गाडी बसते, आणि बसलेली गाडी काढायला मग शेजाऱ्याची बैलजोडी लागते, ज्याच्याशी बांधावरून भांडण असतं.

‘‘तेच तर!’’ जावई पुढं सरसावला. ‘‘टॉर्क कन्व्हर्टरमधे क्लच नसतोच. इंजिनची ताकद तेलातून पुढं जाते. गिअर बदलला तरी ओढ तुटत नाही. चिखलात हेच पाहिजे ना?’’

मुद्दा बिनतोड होता. उस्तादांनी मुद्दा तोडला नाही, वळवला. ‘‘बरं. सैलानीले नारळाची होळी पाह्यली, रात्री दोन वाजता वापस आले, बॅटरी उतरली. मंग?’’

जावई गप्प. ‘‘आमी चार सवाऱ्या उतरोतो, ढकला म्हनतो, दुसरा टाकतो, क्लच सोडतो, फुर्र! तुमची आटोमॅटिक ढकलून चालू होते काय?’’

होत नाही, हे जावयाला कबूल करावं लागलं. गुण सारखे झाले. गंमत अशी की जावई हा जावई असल्यामुळे उस्तादांना त्याला ‘लेका’ म्हणता येत नव्हतं. एरवी गाडीच्या वादात समोरच्याचा बाप, आजा आणि अक्कल हे तीन मुद्दे आधी निघतात. इथे सगळा राग यंत्रावर काढावा लागत होता. ‘‘एएमटी’’ हे प्रकरण समजावून सांगताना जावई म्हणाला, की त्यात साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायचं काम मशीन करतं. भारतात २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून ते आलं. उस्ताद तुच्छतेनं म्हणाले, ‘‘म्हंजे डब्यात कोंडलेला किन्नर!’’ यापेक्षा नेमकी व्याख्या कंपनीच्या पुस्तकातही नसेल.

जावयानं मग इतिहास काढला. अमेरिकेत ओल्ड्समोबिलनं १९३९ सालीच आपोआप गिअर बदलणारी गाडी बाजारात आणली होती. ‘‘मंग इतक्या वर्षात राजूरच्या घाटात काहून नाई आली?’’ उस्ताद म्हणाले. जावई म्हणाला, २०२० ची थार पहा, ऑटोमॅटिक आहे, लोक डोंगरावर नेतात. उस्ताद म्हणाले, आपल्या टेम्पोवाल्यांची गुरखा पाहा, पाच गिअर, सगळे हातानं. मधेच कोणीतरी ज्ञानगंगा अभयारण्यातल्या वाघाची आठवण काढली. टिपेश्वरहून निघालेला तो वाघ १३०० किलोमीटरच्या वर चालून डिसेंबर २०१९ मध्ये आमच्या बोथ्याच्या जंगलात आला होता. त्याला ना क्लच ना बॅटरी. यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं.

माझं मत विचाराल तर चिखलात जावई खरा आणि खिशात उस्ताद खरे. क्लचप्लेट बदलणारा मिस्त्री चिखलीत लिंबाखाली बसलेलाही सापडतो; ऑटोमॅटिकच्या डब्याला हात लावायला माणूस शोधत शहर गाठावं लागतं. पण उस्तादांचा जीव मिस्त्रीच्या बिलात अडकलेला नव्हता. गाडी आपोआप चालायला लागली तर वर्षानुवर्षं दगड लावून, शिव्या खाऊन स्टेअरिंगपर्यंत पोचायचं कशाला? कालचं पोरगं बसेल आणि घाट चढेल. मग स्टँडवर उस्ताद कोणाला म्हणायचं?

शेवटी ‘चालवूनच पाहा’ असं ठरलं. जावयाची गाडी होतीच. उस्ताद बसले, मावसभाऊ शेजारी, मागे मी, जावई आणि बुलडाण्याला लेकीकडे निघालेली मावशी, मांडीवर दह्याचा डबा. मोताळ्यापासून राजूरपर्यंत उस्तादांनी गाडी अशी नेली, की जणू दुसऱ्याचं तान्हं पोर हातात दिलंय. घाट लागला. गाडी आपणच गिअर पाडत चढू लागली. उस्तादांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं, पण त्यांनी ते खोकल्यात घालवलं. मग आलं ते मोठं वळण. समोरून ट्रक. चाळीस वर्षांची सवय जागी झाली: डावा हात दांड्यावर आणि डावा पाय, पूर्ण ताकदीनिशी, क्लचवर.

क्लच नव्हता. क्लचच्या जागेपर्यंत पसरलेला रुंद ब्रेक होता.

गाडी खिळ्यासारखी उभी राहिली. दही पुढच्या सीटच्या पाठीवर, मावशीचा चष्मा माझ्या मांडीवर, आणि मागून एसटीचा भोंगा. क्षणभर कोणी बोललं नाही. उस्तादांनी आरसा नीट केला आणि शांतपणे म्हणाले, ‘‘ब्रेक चांगले हायेत.’’

तिथून वरपर्यंत जावयानं गाडी चालवली. उस्ताद पुढच्या सीटवर डावा पाय मांडीखाली दुमडून बसले होते. त्यांचं लक्ष घाटाकडे नव्हतं. ते दोन सीटांच्या मधल्या जागेकडे टक लावून पाहत होते. काळी-पिवळीत पुढच्या बाकावर कागदोपत्री ड्रायव्हर धरून तीन आणि प्रत्यक्षात चार जण बसतात, हे जिल्ह्याला ठाऊक आहे. त्यातला एक जण गिअरचा दांडा दोन गुडघ्यांच्या मधे घेऊन बसतो. ‘‘पाव्हने, गुडघा घ्या, दुसरा टाकतो,’’ हे वाक्य ऐकल्याशिवाय राजूर घाट कोणी चढलेलं नाही. दुसरा आणि चौथा पडताना त्या पाहुण्याला श्वास रोखावा लागतो. रिव्हर्सला तर अर्धं उठावं लागतं. नवऱ्या मुलीला तिथे बसवत नाहीत, एवढीच काय ती त्या जागेची आचारसंहिता.

बुलडाण्यात उतरल्यावर उस्तादांनी जावयाला बाजूला घेतलं. ‘‘जवाईबुवा, हा दांडा एकदा लावला की हालत नाई ना?’’

‘‘नाही. ‘डी’ वर टाकला की झालं.’’

‘‘म्हंजे तिथं मानूस बसला त त्याले उठवा लागत नाई?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग त्याच्या बाजूले अजून एक बसन.’’ उस्तादांनी बोटांवर हिशोब मांडला. जाताना एक सवारी, येताना एक, दिवसाच्या फेऱ्या, सैलानीची यात्रा वेगळी, १२ जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीची सिंदखेडराजाची गर्दी वेगळी. दोन सवाऱ्यांना सीटबेल्ट कुठला, हा जावयाचा प्रश्न त्यांनी ऐकलाच नाही. मावसभावाकडे वळून निकाल दिला, ‘‘आटोमॅटिकच घे लेका. जमाना बदलून राह्यला. कोठवर पाय घासत बसशीन?’’

दुसऱ्या दिवशी सगळे अकोल्याच्या शोरूमला. क्रूझर समोर उभी, हार तयार. उस्तादांनी टायरला लाथ मारली, बॉनेटवर कान ठेवला, आणि गळ्यात टाय बांधलेल्या पोराला म्हणाले, ‘‘हेच्यात आटोमॅटिक दाखव.’’

पोरगं ओशाळलं. ‘‘काका, या गाडीला ऑटोमॅटिक येत नाही. मॅन्युअलच आहे. पाच गिअर.’’

जावयानं मोबाइलमधे मान घातली. मावसभाऊ माझ्याकडे पाहू लागला, मी हाराकडे. उस्तादांनी मात्र दार उघडलं, सीटवर बसले, डावा पाय क्लचवर ठेवून खोल दाबला, दोनदा, तीनदा, आणि खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले,

‘‘तेच त दोन दिवसापासून सांगून राह्यलो मी. मॅन्युअलच घ्या म्हनून. आयकतं कोन?’’