पालथा पेला

डोंबिवलीच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी नानांनी माझ्या डोक्यावर पाण्याने भरलेला पेला पालथा धरला. सामान अजून खोक्यांत होतं, पंखे लागायचे होते आणि दारात एक उंच, वाळकुडे गृहस्थ उभे. उजव्या हातात काठोकाठ भरलेला काचेचा पेला, डाव्या हातात कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका.

"बसा," ते म्हणाले.

माझ्याच घरात मला बसा म्हणणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यावं ते सुचेना, म्हणून खोक्यावर बसलो. त्यांनी पत्रिका पेल्यावर ठेवली, तळहाताने दाबली, पेला उलटा करून माझ्या टाळूवर आणला आणि खालचा हात अलगद काढून घेतला. पत्रिका जागची हलली नाही.

"आत पाणी पाव लिटर. खालून हवा ढकलतेय चाळीसेक किलोच्या जोराने. पडेल कशाला?"

मी मान न हलवता विचारलं, "आपण कोण?"

"नाना. तळमजला. काही लागलं-सवरलं तर..."

तेवढ्यात पत्रिका भिजून एका कोपऱ्याला वाकली आणि पाव लिटर पाणी माझ्या अंगावर आलं. दुसरा कोणी ओशाळला असता. नानांचा चेहरा मात्र बक्षीस लागल्यासारखा उजळला. "बघा! आता सांगा, हवा कुठून शिरली?"

अशी माणसं प्रत्येक वस्तीत एखाददुसरी असतात. ओळखायच्या खुणा ठरलेल्या. पहिली खूण खिशाची. चालताना तो खुळखुळतो, कारण आत बाटल्यांची बुचं, बॉलपेनची रिकामी रिफिल, रबरबँड आणि जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक असतो. दुसरी खूण, ते काही टाकत नाहीत आणि इतरांना टाकू देत नाहीत. सोसायटीची घंटागाडी येण्याआधी नाना खाली उभे असतात, आणि कचरेवाला आता सुका कचरा त्यांना आधी दाखवूनच गाडीत घालतो. तिसरी खूण सर्वांत पक्की. त्यांना प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही. "करून बघू," असं म्हणून ते तुमच्याच घरातली एखादी वस्तू मागतात.

नाना रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं होते. निवृत्तीनंतर लोक हरिद्वारला जातात, नाना पुण्याला गेले. तिथे आयुकाच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका पाहून आले आणि त्यांच्या पत्नी माई म्हणतात, "तेव्हापासून हे घरात नसतात, असले तरी नसतात." अरविंद गुप्ता हे त्यांचं दैवत. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, टेल्कोतली नोकरी, आणि १९७२ साली होशंगाबादच्या खेड्यांतल्या शाळांत सुरू झालेल्या विज्ञानाच्या कार्यक्रमात जाऊन हा माणूस काय करतो, तर काड्यापेटीतल्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीने जोडून मुलांना त्रिकोण-चौकोन करून देतो! २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा नानांनी इमारतीत पेढे वाटले. लोकांना वाटलं नातू झाला.

दर रविवारी सकाळी नऊ वाजता पार्किंगमध्ये नानांची शाळा भरते. फी नाही, हजेरी नाही, साहित्य मुलांनी घरून आणायचं. इथेच इमारतीतल्या बायकांचा आणि नानांचा वाद आहे. रविवारी सकाळी आमच्या जिन्यातून मीठ, हळद, खायचा सोडा, लिंबं, मेणबत्त्या, दोरा आणि एखादा चांगला चमचा खाली उतरतो. परत वर येतो तो फक्त चमचा, तोही वाकलेला.

नानांच्या तरफेच्या तासाला मी स्वतः हजर होतो. पुढ्यात माईंच्या ओट्यावरून आणलेली तीन हत्यारं होती: सांडशी, अडकित्ता आणि चिमटा. "टेकू कुठेय ते बघा," नाना म्हणाले. सांडशीचा टेकू मधे. अडकित्त्याचा टेकू टोकाला आणि सुपारी मधे. चिमट्याचाही टेकू टोकालाच, पण जोर लावणारी बोटं मधे. शाळेत दोन दिवस पाठ करून मी तिसऱ्या दिवशी विसरलेले तरफेचे तीन प्रकार पोरांनी सात मिनिटांत उचलले. मग एक पहिलीतलं पोर म्हणालं, "नाना, दार पण आहे की!" झालं. पुढचा अर्धा तास पंधरा मुलं पार्किंगचं लोखंडी फाटक कधी कडीजवळून तर कधी बिजागरीजवळून ढकलत होती. बिजागरीजवळ चौघं लागली, कडीजवळ एक बोट पुरलं. तोवर बाहेर दूधवाला, पेपरवाला आणि एक रुग्णाला घ्यायला आलेली रिक्षा फाटक उघडायची वाट पाहत उभी. नानांनी रिक्षावाल्यालाही ढकलायला लावलं. कडीजवळून.

घरात अंडं चालत नाही म्हणून नानांचा तरंगण्याचा प्रयोग बटाट्यावर होतो. साध्या पाण्यात बटाटा बुडतो. मग चमच्याचमच्याने मीठ घालायचं आणि प्रत्येक चमच्याला ओरडायचं. चांगलं वाटीभर मीठ गेलं की तळाशी पडलेला बटाटा आधी हलतो, मग उठून बसतो आणि हळूच वर येतो. त्या क्षणी पार्किंगमध्ये जो आरडाओरडा होतो तो भारत जिंकल्यावरही होत नाही. ते बटाटे माई धुऊन त्याच दिवशी काचऱ्या करतात आणि मुलांना खाऊ घालतात. माईंची एक वही आहे. त्यात "नाना" अशा शीर्षकाखाली महिन्याचं मीठ वेगळं लिहिलेलं असतं. आमच्याकडे महिन्याला एक किलो मीठ लागतं, त्यांच्याकडे चार, आणि दोघांनाही रक्तदाब नाही.

गणपतीत नाना जास्वंदीची फुलं आणायची जबाबदारी हट्टाने स्वतःकडे घेतात. बाप्पाला एक, बाकीची पातेल्यात. फुलांचं गरम पाणी लिंबाने लालभडक होतं आणि खायच्या सोड्याने हिरवं. समोरच्या विंगेत लग्न होतं तेव्हा हळदीच्या कार्यक्रमात नानांनी पांढऱ्या कागदाला हळद फासून वाळवली, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून नवऱ्यामुलाचं नाव लिहिलं आणि ते कुंकवासारखं लाल उमटलं. पोरं खूश. नवरीच्या आईला आधी शकुन वाटला, मग कारण कळल्यावर ती हिरमुसली. "कुंकूसुद्धा असंच व्हायचं, हळदीत चुना घालून," नाना तिला समजावत होते, आणि वरात खोळंबली होती.

नानांना आयुष्यात एकच राजकीय मत आहे. ते प्लास्टिकबंदीच्या बाजूचे आहेत, पण २०१८ साली महाराष्ट्रात स्ट्रॉ बंद झाली ती त्यांच्या जिव्हारी लागली. स्ट्रॉचं टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापलं की पिपाणी वाजते, आणि वाजता वाजता कात्रीने शेपूट छाटत गेलं की सूर चढत जातो. कागदी स्ट्रॉ दोन फुंकरींत लोळागोळा होते. महिनाभर नाना सुतकात होते. मग एका सकाळी मागच्या बाजूने कर्कश भोंगा ऐकू आला. नानांनी सोसायटीच्या पपईला हात घातला होता. पानाचा पोकळ देठ त्यांच्या तोंडात आणि गालाचे फुगे. त्या वर्षी पपईच्या झाडाला फळं होती, पानं नव्हती.

आता मेणबत्तीबद्दल. हा प्रयोग तुम्हीही शाळेत केला असेल. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर पेला पालथा. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढतं. बाई सांगतात, प्राणवायू जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत प्राणवायू एक पंचमांश, पाणीही साधारण तेवढंच चढतं, हिशेब चोख. नानाही हेच सांगत आले होते, स्वतःच्या मुलांना, भाच्यांना आणि आमच्या पार्किंगला.

त्या रविवारी आमची धाकटी, तेव्हा तिसरीत, जमिनीवर पालथी पडून पेल्याला नाक लावून बघत होती. ती म्हणाली, "नाना, पेला ठेवताना खालून बुडबुडे आले."

"येतात."

"आणि मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी चढलंच नाही. विझल्यावर एकदम चढलं. प्राणवायू तर आधीपासून जळत होता ना?"

नाना काही बोलले नाहीत. शाळा पंधरा मिनिटं लवकर सुटली. इमारतीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं.

सोमवारी नाना दिसले नाहीत. मंगळवारी माई मेणबत्त्यांची दोन पुडकी घेऊन वाण्याकडून येताना दिसल्या. मी विचारलं, "लाइट जाणार आहे का?" "गेलेलीच आहे," माई म्हणाल्या, "ह्यांच्या डोक्यातली." बुधवारी रात्री साडेदहाला आमची बेल वाजली. दारात नाना, कपाळावर मेणाचा थेंब. "पोरगी झोपली का?" झोपली होती. त्यांनी मलाच खाली नेलं.

जेवणाच्या टेबलावर तीन ताटल्या, तीन सारखे पेले. पहिल्यात एक मेणबत्ती, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नानांनी एकेक पेला पालथा घातला. एका मेणबत्तीने पाणी चढलं ते बोटभर, दोन मेणबत्त्यांनी त्याहून वर, तिसऱ्या पेल्यात सर्वांत वर.

"पेला तेवढाच," नाना हळू आवाजात म्हणाले. "हवा तेवढीच. म्हणजे प्राणवायूही तेवढाच. मग मेणबत्त्या वाढवल्या की पाणी जास्त का चढतं?"

मी गप्प.

"उष्णता हो! ज्योतीने हवा तापते, फुगते, थोडी खालून पळते. तेच पोरीचे बुडबुडे. विझली की उरलेली हवा गार होऊन आक्रसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. म्हणून एकदम चढतं. प्राणवायू संपतसुद्धा नाही, बराच शिल्लक असताना ज्योत मान टाकते. तो पंचमांशाचा हिशेब निव्वळ योगायोग. आणि मी चाळीस वर्षं..."

त्यांनी खुर्चीत बसून कपाळावरचं मेण खरवडलं. मला वाटलं, आता हे खचणार. नाना म्हणाले, "रविवारी सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे. आमच्या खात्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, सिग्नलमध्ये बिघाड झाला तर त्याने लाल व्हायचं. बिघडलेला असून हिरवा राहिला, तर माणसं मरतात."

रविवारी त्यांनी खरोखरच पंधरा मुलांपुढे सांगितलं, "मी चुकीचं शिकवत होतो." मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. आम्हा आईबापांना मात्र उगाच खाली बघावंसं वाटलं. तेव्हापासून आमच्या पार्किंगमध्ये फसलेल्या प्रयोगाला जास्त वेळ मिळतो. बटाटा तरंगला की टाळ्या वाजतात आणि पोरं पांगतात. बटाटा तरंगला नाही की ती वाकून बसतात, मीठ ओलं होतं का, पाणी जास्त होतं का, बटाटाच लबाड होता का, आणि दुपारी जेवायला हाका मारल्या तरी वर येत नाहीत.

गोष्ट इथे संपली असती, पण गेल्या महिन्यात धाकटीच्या परीक्षेत तोच प्रश्न आला. तिने मेणबत्त्यांच्या तीन पेल्यांसह उत्तर लिहिलं, आकृतीही काढली. पेपर घरी आला तो आकृतीवर लाल फुली घेऊन. मी तावातावाने तळमजल्यावर गेलो. "नाना, शाळेत जाऊन भांडायला हवं."

नानांनी चष्मा लावून पेपर दोनदा वाचला. आकृती तिसऱ्यांदा पाहिली. "लाल सिग्नल म्हणजे गाडी थांबलीय. रद्द नाही झालेली," ते म्हणाले. "मला चाळीस वर्षं लागली. त्या बाईंना आठवडा तरी द्या."

धाकटीने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून बाईंना रविवारचं बोलावणं पाठवलंय. येताना मेणबत्त्या आणा, असंही लिहिलंय. पेले आम्ही देणार आहोत, कारण माईंच्या वहीतल्या नोंदीप्रमाणे अर्ध्या डझनाच्या सेटमधला आता एकच शिल्लक आहे.