पसाऱ्याची खातेबदली

ज्या घरात वस्तू सापडतात ते घर नीटनेटके, अशी समजूत माझ्या आईच्या पिढीत रूढ होती. ज्या घरात वस्तू दिसत नाहीत ते घर नीटनेटके, अशी समजूत माझ्या मुलीच्या पिढीत रूढ झाली आहे. आणि या दोन समजुतींच्या सरहद्दीवर वसलेल्या आमच्या दिवाणखान्यात सध्या राखाडी रंगाच्या कापडी खोक्यांचा अंमल चालू आहे. कोनाडे, फडताळे आणि माळे ही जुनी संस्थाने फ्लॅटच्या आगमनाबरोबर खालसा झालीच होती. त्यांच्या रिकाम्या गादीवर ही चौकोनी मंडळी कोणाचा फारसा विरोध न होता स्थानापन्न झाली.

बाजारातून हे खोके येते ते सपाट घडीच्या स्वरूपात. दुमडलेल्या चार बाजू उभ्या करून तळाशी पुठ्ठ्याचा सुटा चौकोन दाबून बसवला, की पोटात काडीचाही ऐवज नसताना ते नवनियुक्त मामलेदारासारखे ताठ उभे राहते. त्याचे कापड बहुधा मागावर विणलेले नसते. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवून ते तयार करतात आणि बाजूंना ताठपणा येतो तो आत शिवलेल्या पुठ्ठ्यामुळे. म्हणजे रुबाब पुठ्ठ्याचा आणि नाव कापडाचे. ही अंदरकी बात चैत्र-वैशाखात कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु आषाढातील दमट हवा पुठ्ठ्यात मुरली, की तीच ताठ मंडळी पोट सोडून बसतात आणि त्यांच्या अंगाला एक कुबट वास येऊ लागतो, ज्याचे मूळ शोधण्यासाठी घरातील प्रत्येक मोजा संशयित म्हणून हजर केला जातो.

या खोक्यांसाठी आम्ही सुतारमिस्त्रींकडून चौकोनी कप्प्यांची एक मांडणी करवून घेतली. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, तरी मिस्त्रींचे इमान अद्याप फूट-इंचांपाशीच आहे, आणि त्यांनी प्रत्येक कप्पा मोठ्या सचोटीने एक फुटाचा, म्हणजे साडेतीस सेंटिमीटरांचा केला. उलटपक्षी, ज्या धर्तीच्या मांडण्यांकरिता अशी पुष्कळशी खोकी बेतलेली असतात, त्यांतील 2014 साली बाजारात आलेल्या ‘कॅलॅक्स’ या स्वीडिश मांडणीचा कप्पा 33 सेंटिमीटरांचा असतो. लाकडी पेटीने येथे सरळ असहकार पुकारला असता. कापडी खोके मात्र गाल आत ओढून, श्वास रोखून कप्प्यात शिरते, आणि एकदा शिरल्यावर बाहेर येण्यास राजी नसते. पुढचा बंद ओढावा तर शिवण कुरकुरते आणि मांडणीच भिंत सोडून दोन बोटे पुढे सरकते.

दर्शनी बाजूने सारी खोकी एकसारखी. “अगं, सगळी सारखीच, माणसानं ओळखायची कशी?” असे आईने विचारले, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, “आजी, सारखी आहेत म्हणूनच तर छान दिसतात!” या उत्तराने आईचे समाधान झाले नाही; पण नातीला निरुत्तर करण्यापेक्षा आपली पैठणी सुरक्षित ठेवणे अधिक निकडीचे आहे, हे ओळखून तिने ती धुवट मलमलीत गुंडाळली आणि आपल्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून किल्ली कमरेला लावली. अस्सल जरीतली चांदी दमट हवेत काळवंडते, हे ज्ञान तिला कोणत्याही खोक्यावरील सूचनेवाचून पूर्वीपासून होते.

अखेर तोडगा म्हणून चिठ्ठ्या लावण्यात आल्या: ‘औषधे’, ‘वायरी’, ‘कागदपत्रे’, ‘शिवणकाम’ आणि ‘किरकोळ’. पहिली चार खाती काही काळ चोख चालली. परंतु पाहुणे जिन्यात असताना हातातली वस्तू कोणत्या खात्याची, याची चौकशी करण्याइतकी सवड कोणास असते? ती ‘किरकोळ’कडे वर्ग होते. गृहरचना संस्थेच्या चिटणीसांनी भागपत्राची प्रत मागितली, तेव्हा ‘कागदपत्रे’ या खोक्यात रंगपेटी, कॅरमची पावडर आणि मोडका चष्मा मिळाला. मग ‘किरकोळ’ जमिनीवर पालथे घालावे लागले. त्यातून संपलेले सेल, कुलुपे परागंदा झालेल्या किल्ल्या, हळदीकुंकवाच्या वाणात आलेल्या प्लॅस्टिकच्या वाट्या आणि भंगारात गेलेल्या मिक्सरचे वॉरंटी कार्ड, असा दस्तऐवज क्रमाक्रमाने बाहेर पडला. भागपत्र सर्वांत तळाशी, पुठ्ठ्याच्याही खाली, निर्धास्त पहुडले होते. तळाचा पुठ्ठा सुटा असतो, या सोयीचा लाभ त्याने घेतला होता.

कापडात जिन्नस बांधून ठेवण्याची रीत आपल्याकडे काही नवी नव्हे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कोट्यवधी कागद रुमालांतच बांधून ठेवलेले. त्यांतून रियासतकार सरदेसाईंनी 1934 पर्यंत 45 खंड भरतील इतके निवडक कागद प्रसिद्ध केले, तरी उरलेला संग्रह अभ्यासकांच्या पिढ्यांना पुरून उरेल एवढा आहे. तथापि तेथे रुमाल सोडला तर निदान इतिहास निघतो, आणि तो बांधणाऱ्या कारकुनाला आपण काय बांधतो आहोत याची जाणीव होती. आमच्या खोक्यांना कारकून नाही. प्रत्येक जण आवक करतो आणि जावकाची नोंद कोणीच ठेवत नाही.

एवढे मात्र निःसंशय, की दिवाणखाना पूर्वीपेक्षा देखणा झाला आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडून आमची वाखाणणी होते. म्हणून कोणी सल्ला विचारलाच, तर मी सांगेन की खोकी अवश्य घ्यावीत. मिस्त्रींच्या हाती सेंटिमीटरचा टेप आधी द्यावा. मृगापूर्वी पुठ्ठ्यांना एकवार ऊन दाखवावे. आणि काहीही झाले तरी ‘किरकोळ’ अशी चिठ्ठी कोणत्याही खोक्यावर लावू देऊ नये, कारण ते खाते एकदा उघडले, की घरातील बाकीची सर्व खाती यथावकाश त्यातच विलीन होतात.