कर्नेलाशौचनिर्णय

आशौचाचा विचार आपल्या शास्त्रकारांनी फार बारकाईने केला आहे. सुतक कोणाला, किती दिवसांचे, बातमी उशिरा पोचली तर काय, सोयर आणि सुतक एकत्र आले तर वरचढ कोण, हे सारे अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांनी धर्मसिंधूत नीट लावून दिले आहे. मात्र चालत्या यंत्रात लिनक्सचा कर्नेल एकाएकी गतप्राण झाला, तर त्याच्या मेमरीत कोणी, कुठे आणि किती पाऊल टाकावे, याविषयी हा ग्रंथ मौन पाळतो. ती उणीव भरून काढण्यासाठी हा अल्प प्रयत्न. यात कोणाचेही कल्याण साधणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम विषय. कर्नेल पॅनिक होऊन कोसळला, की मरणसमयी मेमरीत काय काय होते याची नक्कल, म्हणजे डम्प, काढावी लागते. त्याशिवाय कारण कळत नाही. ही नक्कल मेलेल्यानेच काढावी, असे मानणारा एक जुना पक्ष होता. पण ज्याचा डिस्क ड्रायव्हरच कदाचित बिघडला आहे, त्याच्या हातून डिस्कवर लिहून घेणे म्हणजे उरल्यासुरल्या फायलीही त्याच्याबरोबर पाठवणे. म्हणून २००५ साली, २.६.१३ या आवृत्तीपासून, लिनक्समध्ये केडम्प आला. दुसरा कर्नेल आधीच मेमरीत आणून बसवायचा. पहिला पडला, की बायॉसला मध्ये न घेता थेट दुसऱ्यात उडी.

आता संशय. हा दुसरा कर्नेल डोळे उघडतो तेव्हा समोर समजा ६४ जीबी मेमरी पसरलेली असते. कर्नेलाचा उपजत स्वभाव असा, की उठल्याबरोबर मेमरीची यादी मागायची आणि जे मोकळे दिसेल ते आपले म्हणायचे. इथे तो तसा वागला, तर जो पुरावा जपायला त्याला उठवले त्यावरच तो अंथरूण घालील. मग आपली जागा कोणती, हे त्याने कोणाला विचारावे?

पूर्वपक्षी म्हणतो, ‘पहिल्या कर्नेलाला विचारावे, मालक तोच.’ हे टिकत नाही. पहिला मेला तो कदाचित त्याचे मेमरीचे तक्तेच बिघडले म्हणून. अशा तक्त्यांवरून वाटणी करणे हा न्याय नव्हे. सबब निर्णय असा: जे सांगायचे ते सगळे पहिला कर्नेल धडधाकट असतानाच सांगून ठेवावे. दुसरा काहीही शोधून काढत नाही.

त्यासाठी यंत्र सुरू होतानाच कमांडलाइनवर ‘क्रॅशकर्नेल=२५६एम’ असे काहीतरी लिहून मेमरीचा एक पट्टा बाजूला काढतात. पहिला कर्नेल स्वतःसाठी तो वापरत नाही. हा पट्टा म्हणजे सोवळ्यातली ओवरी. इतके कडक सोवळे कशाला, असे विचारणाऱ्याने डीएमए म्हणजे काय ते समजून घ्यावे. नेटवर्क कार्ड आणि डिस्क कंट्रोलर यांना पहिल्या कर्नेलाने जिवंतपणी पत्ते दिलेले असतात: आलेला माल इथे टाका. कर्नेल मेल्याची वार्ता त्यांना कोणी देत नाही. ते बापडे दिलेल्या पत्त्यांवर माल टाकतच राहतात. दुसरा कर्नेल त्या जागी नांदत असता, तर एखादे उशिरा आलेले पॅकेट त्याच्या थेट डोक्यात पडले असते. राखीव पट्ट्यातला एकही पत्ता त्यांना कधी दिलेला नसतो. सगळ्या व्यवस्थेचा प्राण एवढ्यातच आहे. शिवाय वाटेत पर्गेटरी नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम लागतो (नाव आम्ही ठेवलेले नाही), तो एसएचए-२५६ ने पडताळून पाहतो, की आणून बसवलेला ऐवज कोणी विटाळलेला नाही ना.

हा पट्टा दुसऱ्याला कळवायचा कसा, यावर मात्र आचार्यांत एकमत नाही. एक्स८६ वरच्या जुन्या पंथाचा भर तोंडी आज्ञेवर. ‘मेममॅप=एक्झॅक्टमॅप’ म्हणजे बाकीची यादी विसर; पुढे सांगतो तेवढेच तुझे. पण मोठ्या यंत्रांत एसीपीआयच्या तक्त्यांसाठी राखलेले मेमरीचे तुकडेही सांगावे लागतात, आणि तिथे कमांडलाइन २०४८ अक्षरांची. उपदेश संपण्याआधी पाटी भरते. म्हणून नव्यांनी मेमरीची ती यादीच, म्हणजे ई८२० तक्ता, नव्याने लिहून हाती देण्याचा मार्ग धरला. एआरएम६४ वाले डिव्हाइस ट्रीत ‘चोझन’ नावाच्या फांदीला ‘लिनक्स,युजेबल-मेमरी-रेंज’ अशी चिठ्ठी बांधतात. पॉवरपीसी वाल्यांना तेही पुरेसे वाटत नाही. ते मेमरीच्या नोंदींवरच चिठ्ठी लावतात. या सगळ्या मार्गांनी दुसऱ्याला पट्टा तेवढाच मिळतो, तरीही मतभेद राहिले. विद्येचे लक्षणच ते.

एक अपवाद राहिला, तळातल्या ६४० केबीचा. एक्स८६ ला उठताना तळाची जागा लागतेच, आणि तिथे तर मृताचा संसार. जुनी युक्ती अशी, की पर्गेटरीने तो ६४० केबीचा संसार आधी राखीव पट्ट्यात नकलून ठेवावा, मग दुसऱ्याने तिथे पाय ठेवावा. पुढे कोणाला तरी सुचले, की क्रॅशकर्नेल मागितला असेल तर पहिल्यानेच तळातला १ एमबी वापरू नये. नकलेचे कामच संपले. असा साधा निर्णय सुचायला वर्षे लागावीत, याचे शास्त्राच्या अभ्यासकाला नवल वाटू नये.

राहायची जागा कळली, तरी वाचायचे कुठे हे कळत नाही. त्यासाठी वेगळा कागद: ‘एल्फकोरएचडीआर=’ असे लिहून त्यापुढे एक पत्ता. त्या पत्त्यावर मृताच्या साऱ्या मेमरीची एल्फ धाटणीची यादी असते, आणि प्रत्येक प्रोसेसरची रजिस्टरे अखेरच्या क्षणी काय धरून होती, त्याच्या नोंदींचा ठावठिकाणाही. त्यावरून दुसरा कर्नेल ‘व्हीएमकोर’ नावाची फाइल दाखवतो आणि जुने एकेक पान तात्पुरते जवळ ओढून वाचतो. मेकडम्पफाइल ही त्याची कारकून त्यातली कोरी पाने, कॅशची पाने आणि मोकळी पाने गाळून उरलेले डिस्कवर उतरवते. मग यंत्र पुन्हा सुरू होते आणि दुसऱ्याचे काम संपते.

पट्टा किती मोठा असावा, याचा निर्णय आम्ही देत नाही. रेड हॅटने बरीच वर्षे ‘ऑटो’ म्हणून सोय ठेवली होती, नवव्या आवृत्तीत तीही काढून घेतली. पट्टा लहान ठेवला तर दुसरा कर्नेल डम्प लिहिता लिहिता स्वतःच मेमरी संपून पडतो, आणि त्याच्यासाठी तिसरा कर्नेल कोणी राखून ठेवत नाही.