ड्रेपरीवाले मामा

युवक महोत्सवात लोकनृत्याला लागतात दहा नाचणारे, पाच वादक आणि एक ड्रेपरीवाले मामा. दहा आणि पाच हे आकडे नियमात छापलेले असतात. मामांचा उल्लेख कुठंच नसतो, म्हणून ते कुठंही घुसतात.

इस्लापूरच्या बाजारात त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. वर्षभर शाळेचे गणवेश, झंपर आणि उसवलेल्या पँटी. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा महोत्सव जवळ आला, की गणवेशाचा गठ्ठा खाटेखाली जातो. आम्ही पोरं दुकानात शिरलो की "नाच कोणता बसवायलात?" असं मामांनी कधीच विचारलं नाही. "रंग कोणता?" एवढंच. नाच असतो तो कपड्याला वारं लागावं म्हणून, अशी त्यांची पक्की समजूत.

एकदा लावणी ठरली. मामांनी पाटीवर हिशोब मांडला. दहा पोरी, नऊवारी लुगडी, नव्वद वार. "एवढ्यात सहस्रकुंडाच्या धबधब्याला पडदा लागंल की!" म्हणाले, आणि सात-सात वारांत शिवलेल्या नऊवाऱ्या उरकल्या. वाचलेल्या वीस वारांतून पुढच्या वर्षी गोंधळ्याचे झगे निघाले, त्याच्या पुढच्या वर्षी शाहिराचे फेटे. गोंधळासाठी कवड्यांच्या माळा हव्या होत्या. माहूर शेजारी असून मामांनी नांदेडहून खारे पिस्ते मागवले. पिस्ते आम्ही खाल्ले, टरफलं दोऱ्यात ओवली आणि बिल 'अलंकार' या सदरात गेलं.

आमचा किनवट तालुका तेलंगणाला खेटून. दिवाळीत गोंडांच्या गावांत दंडार निघते, मोरपिसांचा भलामोठा टोप घालून गुसाडी नाचतात. पलीकडच्या कनक राजूंना या नाचासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मामांनी पेपरातला फोटो कापून दुकानात चिकटवला. पुढं महिनाभर गिऱ्हाइकाला सांगत होते, "टोपाला पद्मश्री भेटली!"

अशा माणसाची गाठ एका आजीशी पडली.

त्या वर्षी बंजारा नृत्य होतं. मामांनी सॅटिनचे दहा फेटिये, म्हणजे घागरे, शिवले, वर चमकीचे गोल आरसे फेविकॉलनं डकवले. तालमीत गिरकी घेतली की आरसे उडून ढोलकीवाल्याच्या डोळ्यात जायचे. तांड्यावरच्या एका पोरीनं मग घरून आजीचा फेटिया आणि कांचळी आणली. आरसे टाक्यांनी जखडलेले, कवड्या खऱ्या, आणि वजन असं की मामांनी दोन्ही हातांनी उचलला. उलटा करून आतली शिवण पाहिली. बराच वेळ पाहिली.

"छान आहे," शेवटी म्हणाले, "पण स्टेजवर खरा वाटणार नाही."

पोरीनं हे घरी जाऊन सांगितलं. सांगायला नको होतं. महोत्सवाच्या दिवशी रेल्वेत पेटीवर ठाण मांडून आजी हजर. नांदेड येईस्तोवर ती गोरमाटीत काय बोलत होती ते मामांना कळलं नसावं. पण ते डब्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले, ते उतरायलाच वळले.

ग्रीनरूममध्ये एकट्या नातीला खरा फेटिया, बाकी नऊजणींना सॅटिन. "रांग बिघडली, मार्क जातेत!" मामा हळूच पुटपुटले. आजीनं त्यांच्याकडे पाहिलं. मामांनी सेफ्टी पिनांचा डबा उघडला आणि त्यात डोकं घातलं.

निकाल लागला तेव्हा मामा मांडवात नव्हते. शोधायला गेलो, तर ग्रीनरूमच्या कोपऱ्यात सतरंजीवर मांडी घालून बसलेले, मांडीवर सॅटिनचा फेटिया, हातात सुई. समोर आजी. टाका चुकला की ती त्यांच्या मनगटावर चापट मारत होती आणि मामा निमूटपणे उसवून पुन्हा घालत होते.

"मामा, दुसरा नंबर आला!"

"थांब रे लेकरा," मान वर न करता म्हणाले, "आरसा बसायला."