टबावर लिहायचं राहिलं

एका व्यंगचित्र स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलो होतो. पहिल्याच चित्रात साप; सापाच्या अंगावर लिहिलेलं 'भ्रष्टाचार'. दुसऱ्यात भला मोठा दगड, त्यावर 'महागाई'. दगडाखाली चेपलेला माणूस आणि त्याच्या सदऱ्यावर 'जनता'. शेजारचे परीक्षक खूश. "आशय कसा अगदी स्पष्ट!" म्हणाले आणि दहापैकी नऊ देऊन मोकळे झाले. स्पष्ट असणारच. आमच्या वाण्याच्या डब्यांवरही 'तूरडाळ', 'साखर' असं ठसठशीत लिहिलेलं असतं. त्याला बिचाऱ्याला अजून कुणी शाल-श्रीफळ दिलेलं नाही.

मला राहून राहून व्यंगचित्रकार अबू अब्राहम आठवत होते. डिसेंबर १९७५, आणीबाणी. 'इंडियन एक्स्प्रेस'मधलं ते चित्र : राष्ट्रपती आंघोळीच्या टबात पहुडलेत, दाराबाहेरच्या हातात सही केलेला कागद देताहेत आणि आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा म्हणताहेत. साप नाही, दगड नाही, 'लोकशाही' नावाची रडणारी बाई तर नाहीच. देश कसा चाललाय ते एका ओल्या हातात आलं. तेही सेन्सॉर डोक्यावर बसलेला असताना.

हे सांगितल्यावर शेजारी गंभीर झाले. "चित्र बरं आहे हो, पण टबावर 'आणीबाणी' लिहायला हवं होतं. सामान्य वाचकाला कळणार कसं?"

सामान्य वाचकाला ते चित्र पन्नास वर्षांनीही आठवतं. आमच्या स्पर्धेत मात्र पहिलं बक्षीस सापाला मिळालं, उत्तेजनार्थ दगडाला.